सिग्नलला थांबली की कधीतरी बंद पडणारी जुनी गाडी: दोष कसा शोधायचा

रस्त्यावर गाडी नीट पळते. थांबायला पाय रेसवरून काढला की कधीतरी इंजिन बंद पडतं. सेल्फ मारला की लगेच चालू. तपासायला बॉनेट उघडावं तर तासभर एकसारखी चालते. दोष समोर येत नाही म्हणून मग अंदाजाने सामान बदललं जातं: आधी प्लग, मग कॉइल, मग पंप, मग एखादा सेन्सर. यात पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. अशा गाडीचा एकही भाग बदलण्याआधी इंजिन नेमकं कसं बंद पडतं आणि कोणत्या परिस्थितीत, ही दोन उत्तरं हातात हवीत. पुढचं सगळं पेट्रोल इंजिनाबद्दल आहे, कार्ब्युरेटरचं असो की इंजेक्शनचं.

हा त्रास आयडलिंगलाच, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असतानाच, का होतो? गरम इंजिन बहुतेक गाड्यांत ७५० ते ९०० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) आयडल करतं. थ्रॉटलची झडप तेव्हा जवळपास बंद असते, आत जाणारी हवा आणि पेट्रोल दोन्ही अगदी थोडं. होजपाइपला पडलेल्या एका चिरेतून येणारी हवा ३००० आरपीएमला एकूण हवेच्या मानाने किरकोळ असते, पण आयडलला तीच मिश्रण बिघडवायला पुरते. शिवाय या फेऱ्यांवर फ्लायव्हीलमध्ये फार जोर साठलेला नसतो. लागोपाठ दोन-तीन ठिणग्या हुकल्या तर इंजिन सावरत नाही.

बंद पडण्याची तऱ्हा

पहिली तऱ्हा: बटण दाबून दिवा घालवावा तसं इंजिन एका क्षणात गप्प होतं. ना थरथर, ना आचका. हा दोष बहुतेक वेळा विजेच्या बाजूचा असतो: इग्निशन स्विच, रिले, अर्थिंग, कॉइल, मॉड्यूल (कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग), पिकअप (डिस्ट्रिब्युटरमधून ठिणगीचा सिग्नल देणारी कॉइल) किंवा क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचं फिरणं ओळखणारा). दुसरी तऱ्हा: आरपीएम खालीवर होतात, गाडी हलते, मिसिंग येतं आणि मग इंजिन मरतं. इथे हवा आणि पेट्रोलकडे आधी बघायचं. तिसरी तऱ्हा: एसी लावला, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, हेडलाइट लावले, की फेरे हळूहळू बसत जातात आणि वर येतच नाहीत. इंजिनावर वाढलेला भार आयडल सांभाळणारी यंत्रणा भरून काढत नाही, असा त्याचा अर्थ.

त्या क्षणी डॅशबोर्डकडे लक्ष ठेवा. इंजिन बंद पडल्यावर बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागणं साहजिक आहे, किल्ली चालूच असते. पण सगळे दिवे विझले, डॅशबोर्ड काळा झाला, तर इंजिनात शोधाशोध करू नका. मुख्य पुरवठाच तुटतोय. आरपीएमचा काटा असेल तर त्याचंही बघा. गिअरमध्ये गाडी पुढे सरकत असताना, म्हणजे इंजिन अजून फिरत असताना, काटा एकदम शून्यावर पडला तर कॉइलचा प्राथमिक पुरवठा किंवा क्रँक सेन्सरचा सिग्नल गेलाय. काटा इंजिनाबरोबर सावकाश खाली आला तर ठिणगी बहुधा शाबूत आहे.

गाडीत एक वही ठेवा. प्रत्येक वेळी लिहा: चालू करून किती मिनिटं झाली, इंजिन थंड की गरम, हवा दमट की कोरडी, टाकीत पेट्रोल किती, एसी चालू होता का, ब्रेक दाबलेला होता का, नुकतंच पेट्रोल भरलं होतं का. चार-पाच नोंदी झाल्या की चित्र दिसू लागतं. वीस-तीस मिनिटांनी, गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर कॉइल, मॉड्यूल, क्रँक सेन्सर. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलची वाफ होणंही. ब्रेक दाबताच फेरे पडतात तर ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमने पेडलला जोर देणारा डबा). पेट्रोल भरल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत बंद पडते तर चारकोल कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा). टाकी पाव भरलेली असतानाच बंद पडते तर टाकीतला गाळ किंवा पंपाची जाळी. ऑटोमॅटिक गाडी थांबता थांबता गिअर अडकल्यासारखी हिसका देऊन बंद पडते, आणि न्यूट्रल केल्यावर पडत नाही, तर टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचं) लॉक सुटत नाहीये आणि दोष इंजिनाचा नाहीच.

सुरुवात बॅटरीपासून

काम मोकळ्या हवेत करा. बंद जागेत इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिअर न्यूट्रल, ऑटोमॅटिक असेल तर पार्क, हँडब्रेक ओढलेला, चाकाला अडण. सैल बाह्या आणि ओढणी पंख्यापासून लांब, अग्निशामक हाताशी.

बंद इंजिनावर, गाडी काही तास उभी राहिल्यावर, बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. टर्मिनल वरून स्वच्छ दिसला म्हणून सोडू नका, काढून आतून बघा. शिशाचा खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये राखाडी, मळकट साय धरलेली असते. नखाने खरवडली तर खाली चकचकीत धातू दिसतो. त्या सायीतून स्टार्टर फिरतो, पण धक्क्याने, उष्णतेने मध्येच संपर्क तुटतो.

आता अर्थिंग. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. मग तीच चाचणी ब्लॉक आणि बॉडी यांच्यात. इंजिनाचं माउंटिंग तुटलेलं असेल तर इंजिन हलताना अर्थची पट्टी आणि वायरिंग ताणलं जातं, त्यामुळे माउंटिंगवरही नजर टाका.

इंजिन आयडलला ठेवून लाकडी काठीने वायरिंगचा एकेक जुडगा, एकेक कनेक्टर हलवा. रिलेवर पेचकसाच्या मुठीने हलकेच टिचकी मारा. जुन्या रिलेत आतल्या डागाला केसासारखी चीर जाते आणि गरम झाल्यावर ती उघडते. किल्लीला जड जुडगा लटकत असेल तर किल्ली स्विचमध्ये हलवून बघा. यातल्या कशानेही इंजिन अडखळलं तर दोषाची जागा सापडली. या तपासाला खर्च शून्य आणि वेळ दहा मिनिटं, म्हणून तो आधी.

हवा कुठून खेचली जाते

अडखळत बंद पडणाऱ्या जुन्या गाडीत सगळ्यात आधी संशय इथे घ्यावा. रबर वयाने कडक होतं आणि चिरतं, त्याला गाडी किती चालली याच्याशी देणंघेणं नसतं.

मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाला, व्हॅक्यूम गेज जोडा. निरोगी गरम इंजिन आयडलला १७ ते २१ इंच पारा इतकं व्हॅक्यूम स्थिर दाखवतं. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला साधारण १ इंच कमी धरा. काटा स्थिर पण १२-१५ वर असेल तर हवा खेचली जातेय किंवा टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे आहे. काटा ठरावीक तालात खाली झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय.

गळती शोधायचा सुरक्षित मार्ग म्हणजे एकेक होजपाइप कापड गुंडाळलेल्या पकडीने क्षणभर चिमटणं. ज्या पाइपला चिमटल्यावर फेरे सुधारतात, त्याच्या पुढे गळती आहे. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी स्प्रे बाटलीने साबणपाणी मारा. गळतीवर पाणी पडलं की फेरे तात्पुरते बदलतात. कार्ब क्लीनर मारूनही कळतं, पण ते पेट घेतं. गरम एक्झॉस्टजवळ आणि ठिणगी सुटणाऱ्या प्लग लीडजवळ ते मारू नका. होजपाइपच्या टोकाकडे बारकाईने बघा: वरचा भाग धड दिसतो आणि नळीवर बसणाऱ्या खालच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही, तिथेच चीर असते. बोट फिरवून बघा.

ब्रेक बूस्टर तपासायला आयडलला पेडल दाबून धरा. क्षणभर फरक पडून स्थिर झालं तर ठीक. दाबून ठेवेपर्यंत फेरे पडलेलेच राहिले आणि पेडलपाशी सुस्कारा ऐकू आला तर आतला पडदा फाटलाय. हा दोष ब्रेकचाही आहे, त्यामुळे तो दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारा) काढून हलवा, आतला दाणा खुळखुळला पाहिजे. चालू इंजिनावर त्याच्या तोंडावर बोट ठेवलं की ओढ जाणवते आणि फेरे थोडे उतरतात. ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) आयडलला पूर्ण बंद हवा. सीटवर काजळीचा एक खडा अडकला तरी जळलेला वायू आत येत राहतो आणि आयडल कोसळतं. खडा निघून गेला की पुन्हा सगळं सुरळीत. त्यामुळे हा दोष येतो-जातो. व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये तात्पुरती पातळ पत्र्याची बंद पट्टी घालून चालवा. बंद पडणं थांबलं तर व्हॉल्व्ह स्वच्छ करा किंवा बदला, आणि पट्टी काढायला विसरू नका. पर्ज व्हॉल्व्हचा कॅनिस्टरकडचा पाइप काढून बोट लावा. बहुतेक गाड्यांत आयडलला तिथे ओढ नसते. असली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय.

इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडी उघडा. झडपेच्या कडेला काळ्या, चिकट काजळीचं कडं दिसेल. आयडलची हवा त्याच केसभर फटीतून जायची असते, ती फट काजळीने बुजते. थ्रॉटल बॉडी क्लीनर मऊ फडक्यावर घेऊन पुसा, खरवडू नका. झडप मोटरवर चालणारी असेल तर बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटतात. आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह असेल तर एसी लावून बघा: फेरे क्षणभर पडून परत वर आले पाहिजेत. पडले ते पडलेच राहिले तर तो व्हॉल्व्ह चिकटतोय. त्याची सुई आणि सीट साफ करा, मोटरचा भाग मात्र क्लीनरमध्ये बुडवू नका. बऱ्याच गाड्यांना सफाईनंतर आयडल नव्याने शिकवावं लागतं. पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

कार्ब्युरेटर असेल तर

आयडल जेट चोकअप होणं ही नेहमीची तक्रार, आणि ती ओळखायची खूण अचूक आहे. गरम इंजिन आयडलला ठेवून मिक्श्चर स्क्रू हळूहळू आत फिरवा. निरोगी कार्ब्युरेटरमध्ये इंजिन अडखळून बंद पडायला येतं. काहीच फरक पडला नाही, तर आयडलचं पेट्रोल त्या मार्गाने येतच नाहीये. एक तर जेट तुंबलाय, नाहीतर कोणीतरी थ्रॉटलचा स्क्रू घट्ट करून फेरे वाढवलेत. मग झडप जरा उघडी राहते, पुढची भोकं उघडी पडतात आणि इंजिन आयडलला त्यांच्यावरच चालतं. अशा गाडीचं आयडल कधीच स्थिर राहत नाही.

स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांत बसतो ते मोजून लिहून ठेवा, आणि बसवताना हलक्या हाताने. जोर लावला तर सुईला खाच पडते. सुरुवातीला दीड ते अडीच फेरे बाहेर ठेवून, व्हॅक्यूम सगळ्यात जास्त मिळेल तिथे आणा. जेटमध्ये तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा आहे.

अनेक कार्ब्युरेटरवर आयडल कट-ऑफ सोलेनॉइड (किल्ली बंद केली की आयडलचं पेट्रोल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) असतो आणि तो फसवतो. त्याची वायर सैल असेल तर इंजिन बटण दाबल्यासारखं बंद पडतं, म्हणजे तऱ्हा विजेची आणि दोष पेट्रोलचा. पण रेस किंचित दाबून धरली की इंजिन चालतं. किल्ली फिरवल्यावर त्याचा टक् आवाज यायला हवा. आयडलला त्याची वायर काढली की इंजिन बंद पडायला हवं. नाही पडलं तर आतली सुई बहुधा कोणीतरी आधीच काढून टाकलेली आहे.

थंड, दमट हवेत काही मिनिटं चालवल्यावर बंद पडते आणि पाच-दहा मिनिटं उभी केल्यावर पुन्हा ठणठणीत, असं असेल तर कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरतोय. हवा गोठणबिंदूच्या बरीच वर असली तरी पेट्रोलची वाफ होताना तिथलं तापमान उतरतं. एअर फिल्टरला गरम हवा नेणारा पाइप तुटलाय का, तेवढं बघा.

पेट्रोलचा दाब

बंद पडलेल्या क्षणी टाकीचं झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा मोठा आवाज आला आणि गाडी लगेच नीट चालू लागली तर झाकणाचं वायुछिद्र बंद आहे. मल्टिपॉइंट इंजेक्शनला साधारण २.५ ते ३.५ बार दाब लागतो, कार्ब्युरेटरच्या यांत्रिक पंपाला ०.२ ते ०.४ बार पुरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. गेज लावून दाब फक्त एकदा बघणं उपयोगाचं नाही. लांब पाइपचा गेज बॉनेटखालून बाहेर काढून काचेला बाहेरून चिकटवा, केबिनच्या आत कधीही नाही, आणि दोष येईपर्यंत चालवा. इंजिन मरण्याआधी काटा पडला की मरताना, यावर सगळं ठरतं: आधी पडला तर दोष पेट्रोलचा, नाहीतर दुसरीकडे शोधा. रेग्युलेटरचा (पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पाइप काढून बघा. आतून पेट्रोलने ओला असेल तर पडदा फाटलाय आणि जादा पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जातंय.

सेन्सर

ओबीडी-२ (गाडीची स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत, म्हणजे अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोलच्या नव्या गाड्यांना २००१ पासून, कोड वाचण्यापेक्षा फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघणं जास्त उपयोगी. आयडलला अधिक १० टक्क्यांहून वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, म्हणजे हवेची गळती. आयडलला ठीक आणि भार वाढला की वाढतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पी०१७१ (मिश्रण पातळ) कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणं ही नेहमीची चूक आहे. तो सेन्सर मिश्रण पातळ असल्याचं खरंच सांगत असतो.

थ्रॉटल पोझिशन सेन्सर बंद थ्रॉटलला साधारण ०.५ व्होल्ट देतो आणि पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या आसपास. रेस अगदी सावकाश दाबत मीटर बघा. आकडा मध्येच उडी मारतो का ते महत्त्वाचं. सेन्सरची पट्टी आयडलच्या जागीच सर्वात जास्त झिजते. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर अनेक गाड्यांत २० अंशाला २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशाला ३०० ओहमच्या आसपास असतो. गरम इंजिन थंड असल्याचं तो सांगू लागला तर जादा पेट्रोल जाऊन प्लग काळे होतात. त्याआधी रेडिएटरचं पाणी पुरेसं आहे ना बघा. सेन्सरभोवती हवा असेल तर तो चुकीचंच सांगणार.

ठिणगी

प्लग काढून ओळीने मांडा. चारही सारखे तपकिरी असतील तर छान. सगळे कोरडे काळे म्हणजे पेट्रोल जादा, सगळे पांढरे म्हणजे मिश्रण पातळ. एकच वेगळा असेल तर त्या सिलिंडरपुरता शोध घ्या. पॉइंटच्या (कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्काच्या) गाडीत फीलर गेजने फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि टायमिंग मागे जातं. रोटर धरून शाफ्ट आडवा हलवा. बुश झिजला असेल तर फट प्रत्येक फेऱ्याला बदलते आणि कितीही सेटिंग केलं तरी टिकत नाही. अंधारात प्लग लीडवर आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या बाहेर उड्या मारताना दिसल्या तर लीड किंवा कॅप बदला. लीडला हात लावू नका.

इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमध्ये एक दोष वर्षानुवर्षं सापडत नाही. पिकअप कॉइलच्या दोन बारीक वायरी व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या (व्हॅक्यूमने टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेच्या) प्लेटबरोबर मागेपुढे वाकतात. हजारो वेळा वाकून आतली तांब्याची तार तुटते, वरचं प्लास्टिक मात्र अखंड राहतं. पाय रेसवरून काढला की प्लेट परत फिरते, तुटकी टोकं विलग होतात आणि इंजिन त्याच क्षणी मरतं. सेल्फ मारेपर्यंत टोकं पुन्हा भिडलेली असतात. शोधायला पिकअपला ओहममीटर लावा आणि हातपंपाने ॲडव्हान्सला व्हॅक्यूम देत-सोडत राहा. आकडा मध्येच अनंतावर गेला की दोष सापडला. वायर हलकेच ओढली तर तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणते.

गरम झाल्यावर मरणाऱ्या कॉइल, मॉड्यूल आणि क्रँक सेन्सरला गार असताना मोजून काही कळत नाही. इंजिन आयडलला ठेवून हेअर ड्रायरने एका वेळी एकाच भागाला गरम करा. मेलं तर त्याच भागावर ओलं फडकं ठेवून गार करा आणि पुन्हा चालू होतं का बघा. स्पार्क टेस्टर आधीच जोडून ठेवा, म्हणजे बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारून ठिणगी आहे की नाही ते दिसेल. पाच मिनिटांनी बघून उपयोग नाही. क्रँक सेन्सर चुंबकाचा असेल तर त्याचा व्होल्टेज फेऱ्यांबरोबर कमी होतो. त्यामुळे अशक्त झालेला सेन्सर आधी आयडललाच सिग्नल हरवतो. काढून त्याचं टोक बघा; लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, तो पुसूनही बऱ्याचदा काम होतं.

सगळं ठीक निघालं तर

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा, विशेषतः गाडी गॅसवर चालत असेल तर. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजून फट बुजते आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. जास्त फेऱ्यांना ते झाकलं जातं, आयडलला उघडं पडतं. फट पुस्तिकेतल्या आकड्याला, सांगितलेल्या तापमानाला बसवा. मग कॉम्प्रेशन: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इग्निशन आणि पेट्रोल तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

दुरुस्ती झाल्यावर वहीतली परिस्थिती पुन्हा उभी करा. अर्धा तास चालवून गरम, एसी आणि हेडलाइट चालू, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, ब्रेक दाबलेला, आणि रेस एकदम सोडलेली. आधी दोष आठवड्यातून एकदा येत असेल तर निदान तीन आठवडे वही चालू ठेवा.